गोल्फच्या फटक्यातील लय आणि सातत्य

क्रिकेटच्या फलंदाजास वेगाने येणाऱ्या चेंडूस तोंड द्यावे लागते. टेनिस अथवा बॅडमिंटन खेळणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याने परतविलेल्या फटक्यामागे धावावे लागते. गोल्फमध्ये मात्र चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. प्रतिस्पर्धी त्यास हात लावीत नाही, अडवीत नाही. फटका कोणत्या क्षणी मारावयाचा हेही खेळाडूनेच ठरवावयाचे असते. यामुळे दुरून पाहणाऱ्यास हा खेळ अगदी सोपा वाटतो. परंतु प्रथमच काठी हाती घेणाऱ्या धडधाकट तरुणाचा पहिला फटका बहुधा चेंडूवरून निघून जातो, दुसरा मागच्या मातीत रुततो आणि तिसऱ्या फटक्याने उडालेला चेंडू नको त्या झुडपात जाऊन पडतो. अंगात बळ आहे, नजर चांगली आहे, चेंडूही जागचा हललेला नाही. मग चुकते कोठे? या प्रश्नाचे उत्तर बळात नसून वेळेच्या मेळात आहे. हा मेळ म्हणजे काय, तो कसा साधतो आणि एकदा साधलेला मेळ पुन्हा पुन्हा कसा साधावा, याची माहिती या लेखात करून दिली आहे.

खेळाची तोंडओळख

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. तिरंदाजीच्या सरावाकडे लोकांचे दुर्लक्ष होते म्हणून १४५७ मध्ये तेथील संसदेने या खेळावर बंदी घातली होती, इतका तो त्या काळीही लोकप्रिय होता. भारतात १८२९ मध्ये कलकत्ता येथे स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. मराठी भाषिकांच्या जुन्या वस्तीच्या शहरांपैकी वडोदरा येथे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९३० च्या दशकात गोल्फचे मैदान तयार झाले. हैदराबाद येथे गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याच्या परिसरात असे मैदान आहे.

पूर्ण मैदानावर अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असावे, असा नियम आहे. खेळाडूस सोबत चौदापर्यंत काठ्या बाळगता येतात. लांब पल्ल्यासाठी ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी लोखंडी पात्याच्या आयर्न, आणि खळग्याजवळच्या आखूड हिरवळीवर चेंडू हळुवार ढकलण्यासाठी पटर, असे त्यांचे प्रमुख प्रकार होत. कमीत कमी फटक्यांत सर्व खळगे पूर्ण करणारा खेळाडू विजयी ठरतो. म्हणजेच या खेळात एखाद्या नेत्रदीपक फटक्यापेक्षा चुका न होण्यास अधिक महत्त्व आहे.

एका सेकंदाचा हिशेब

काठी चेंडूपासून मागे व वर नेणे, शिखरावर दिशा पालटणे, ती खाली आणून चेंडूवर आदळणे आणि पुढे खांद्यापलीकडे जाऊ देणे, या अखंड क्रियेस स्विंग असे म्हणतात. कसलेल्या खेळाडूच्या स्विंगमध्ये काठी हलू लागल्यापासून ती चेंडूवर आदळेपर्यंत साधारणतः एक सेकंद लागतो. त्यातील सुमारे पाऊण सेकंद काठी वर नेण्यात जातो आणि उरलेल्या पाव सेकंदात ती खाली येते.

या पाव सेकंदाचे महत्त्व विशेष आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीस हातापायांनी प्रतिसाद द्यावयाचा तर माणसास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे काठी खाली येऊ लागल्यानंतर काही चुकले आहे असे ध्यानी आले, तरी ते सुधारण्यास वेळ उरलेला नसतो. चेंडू आणि काठी यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर अवघा अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. काठीच्या टोकाचा वेग सेकंदास ४५ मीटर धरला, तर तेवढ्या अवधीत ते टोक जेमतेम दोन सेंटीमीटर पुढे सरकते. हाताला आघाताची जाणीव होते तेव्हा चेंडू केव्हाच सुटलेला असतो. फटका चांगला बसला की वाईट, हे खेळाडूस तो बसून गेल्यावर कळते. यास्तव जी काही सिद्धता करावयाची ती काठी खाली येण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे.

गती, लय आणि कालमेळ

गोल्फच्या शिक्षणात तीन शब्द वारंवार कानी पडतात आणि पुष्कळदा ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. गती म्हणजे संपूर्ण स्विंगला लागणारा वेळ. लय म्हणजे वर जाण्याचा आणि खाली येण्याचा काळ यांचे परस्पर प्रमाण. आणि कालमेळ म्हणजे कंबर, धड, बाहू, मनगट व काठी यांच्या हालचाली योग्य क्रमाने व योग्य क्षणी घडणे. संगीत ऐकणाऱ्यास हा भेद सहज कळेल. एकच ताल विलंबित वा द्रुत गतीने वाजविता येतो. मात्रांचे परस्पर प्रमाण मात्र ढळत नाही.

जॉन नोव्होसेल या अमेरिकन अभ्यासकाने नामवंत व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती चौकटीमागून चौकट मोजून पाहिल्या आणि आपले निष्कर्ष २००४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. सेकंदास तीस चौकटी या हिशेबाने काही खेळाडूंची काठी वर जाण्यास २७ व खाली येण्यास ९ चौकटी लागत होत्या. काहींच्या बाबतीत हे आकडे २४ व ८, तर काहींच्या बाबतीत २१ व ७ असे होते. गती प्रत्येकाची निराळी होती. प्रमाण मात्र सर्वत्र तिनास एक असेच होते. येल विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रोबर यांनीही मोजमाप करून व्यावसायिकांच्या बाबतीत याच्याशी जुळणारे प्रमाण दाखवून दिले.

नवशिक्यास प्रायः ‘काठी सावकाश न्या’ असा सल्ला दिला जातो. तो हेतूने चांगला असला तरी त्याचा अतिरेक घातक ठरतो. काठी फारच रेंगाळत वर नेली की शिखरावर पोहोचेपर्यंत शरीराचा ताल हरवतो आणि मग खेळाडू खाली येताना एकदम हिसका देतो. तिनास एक हे प्रमाण पाचास एक होऊन बसते. सल्ला ‘सावकाश’ असा न देता ‘एकसारखे’ असा दिला, तर तो अधिक उपयुक्त ठरेल.

गोफणीचे तत्त्व

फटक्यास वेग कोठून येतो, याचा शास्त्रीय शोध ग्रेट ब्रिटनच्या गोल्फ सोसायटीच्या पुरस्काराने शास्त्रज्ञांच्या एका गटाने घेतला. अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ मध्ये त्याचे फलित ग्रंथरूपाने मांडले. त्यांनी गोल्फच्या स्विंगची कल्पना दुहेरी लंबकाच्या रूपाने केली. खांद्यापासून हातापर्यंतचा भाग हा पहिला लंबक. मनगटाच्या बिजागरीस जोडलेली काठी हा दुसरा लंबक.

शेतात मचाणावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्याची गोफण ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे तत्त्व नवीन वाटणार नाही. गोफणीचा धोंडा केवळ दंडाच्या जोराने दूर जात नाही. फिरणाऱ्या हाताचा वेग दोरीमार्फत धोंड्यास मिळतो आणि दोरीचे टोक नेमक्या क्षणी सोडले तरच धोंडा इच्छित जागी पडतो. आसुडाच्या मुठीचा वेग माफक असतो, पण त्याचे टोक कडाडते. गोल्फमध्येही तसेच घडते. काठी खाली येताना आरंभ पायांनी आणि कंबरेने होतो. कंबरेचा वेग शिखरास पोहोचून मंदावू लागतो तेव्हा धडाचा वेग वाढतो; त्यानंतर बाहूंचा आणि सरतेशेवटी काठीचा. प्रत्येक भाग आपली ऊर्जा पुढच्यास देतो आणि स्वतः मंदावतो. चेंडूपाशी पोहोचण्यापूर्वी हातांचा वेग किंचित उतरतो, तो याच कारणाने.

या साखळीतील नाजूक दुवा म्हणजे मनगट. काठी वर असताना बाहू आणि काठी यांच्यामध्ये सुमारे काटकोन झालेला असतो. हा कोन काठी खाली येण्याच्या उत्तरार्धापर्यंत टिकला आणि मग उलगडला, तर काठीच्या टोकाचा वेग चेंडूपाशी सर्वाधिक होतो. उतावळा खेळाडू मात्र शिखरावरूनच हातांनी जोर लावतो. कोन लवकर उलगडतो, वेग चेंडूच्या अलीकडेच खर्च होतो आणि चेंडूवर आदळताना काठी मंदावलेली असते. अधिक जोर लावल्याने फटका आखूड का पडतो, या कोड्याचा उलगडा येथे होतो.

सहस्रांश सेकंदाची किंमत

कालमेळाचा संबंध अंतराशी आहे तसाच तो दिशेशीही आहे. काठीचे पाते सबंध स्विंगमध्ये एका दिशेस स्थिर नसते. वर जाताना ते उघडते आणि खाली येताना मिटत जाते. ड्रायव्हरचे पाते चेंडूपाशी येते तेव्हा ते सेकंदास सुमारे दोन हजार अंश या वेगाने वळत असते. याचा अर्थ असा की, एक सहस्रांश सेकंदात ते सुमारे दोन अंश वळते.

दोन अंशांची चूक कागदावर क्षुल्लक दिसते. परंतु दोनशे मीटरवर तिचे सात मीटर होतात. शिवाय पाते तिरपे लागल्याने चेंडूस तिरकी फिरकी मिळते व तो हवेत आणखी बाजूस वळतो. खेळण्यायोग्य कापलेल्या गवताचा पट्टा, म्हणजे फेअरवे, पुष्कळ ठिकाणी तीस ते चाळीस मीटर रुंद असतो. तेव्हा दोन-तीन सहस्रांश सेकंदांची घाई वा दिरंगाई चेंडूस झाडीत अथवा वाळूच्या खड्ड्यात नेण्यास पुरेशी आहे. एवढ्या सूक्ष्म काळाचे नियंत्रण कोणासही जाणीवपूर्वक करता येणार नाही. ते शरीराच्या अंगवळणी पडलेल्या लयीनेच होऊ शकते.

सातत्य म्हणजे ठोकळेबाज पुनरावृत्ती नव्हे

सातत्य म्हणजे प्रत्येक वेळी सर्व सांध्यांची तंतोतंत तीच हालचाल, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. रशियन शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्को येथील मध्यवर्ती श्रमसंस्थेत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. त्यांना असे आढळले की, हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडते. परंतु खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडेफार निराळे असतात. एका सांध्यातील फरक दुसरा सांधा भरून काढतो. कुशल हाताचे सातत्य त्याच्या फलात असते, सांध्यांच्या प्रत्येक कोनात नव्हे.

यावरून शिकणाऱ्यांनी आणि शिकविणाऱ्यांनी एक बोध घ्यावा. थोर खेळाडूचे छायाचित्र समोर ठेवून त्याच्याप्रमाणेच कोपर वळविण्याचा अट्टाहास निष्फळ आहे. अमेरिकेचे जिम फ्यूरिक यांच्या स्विंगमध्ये काठी शिखराजवळ एक विलक्षण वळसा घेते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात तसा स्विंग आदर्श म्हणून दाखविलेला नाही. तरीही त्यांनी २००३ मध्ये अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवरील एका फेरीत अवघे ५८ फटके घेऊन विक्रम केला. वळसा कसाही असो, काठी चेंडूपाशी दर वेळी त्याच वेळी आणि त्याच दिशेने पोहोचत होती.

सरावाची काही पथ्ये

लय अंगी बाणविण्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. पुढील गोष्टी कोणत्याही मोकळ्या मैदानावर करता येण्यासारख्या आहेत. मात्र काठी फिरविताना आसपास कोणी नाही, याची खात्री करून घ्यावी.

पहिली गोष्ट मात्रांची. मनातल्या मनात चार मात्रा एकसारख्या मोजाव्यात. ‘एक’ म्हणताना काठी हलवावी, ‘चार’ला ती शिखरावर असावी आणि पुढच्या आवर्तनाच्या ‘एक’वर, म्हणजे समेवर, ती चेंडूवर यावी. यात वर जाण्यास तीन मात्रा व खाली येण्यास एक मात्रा मिळते आणि तिनास एक हे प्रमाण आपोआप साधते. आरंभी चेंडूविना, मग गवताच्या पात्यावर आणि त्यानंतरच चेंडूवर हा सराव करावा.

दुसरी गोष्ट पाय जुळवून फटके मारण्याची. दोन्ही पावले एकमेकांस चिकटवून अर्ध्या जोराने चेंडू मारावा. हिसका दिला की तोल जातो, आणि शरीर स्वतःच खेळाडूस चूक दाखवून देते.

तिसरी गोष्ट अर्ध्या फटक्याची. काठी कंबरेपर्यंतच नेऊन कंबरेपर्यंतच पुढे जाऊ द्यावी. या मर्यादित पल्ल्यात चेंडू पात्याच्या मध्यावर बसू लागला, म्हणजे पल्ला हळूहळू वाढवावा. पूर्ण फटका हा अर्ध्या फटक्याचाच विस्तार आहे.

चौथी गोष्ट पकडीची. मूठ घट्ट आवळली की मनगट ताठरते आणि साखळीतील तो नाजूक दुवा निकामी होतो. काठी निसटणार नाही इतपतच पकड असावी, आणि ती आरंभापासून अखेरपर्यंत सारखी राहावी.

पाचवी गोष्ट पूर्वतयारीच्या क्रमाची. लक्ष्याकडे पाहणे, पाते रोखणे, पावले ठेवणे, एकदा काठी हलकेच हलविणे आणि फटका मारणे, हा क्रम प्रत्येक फटक्यापूर्वी तोच असावा आणि त्यास लागणारा वेळही तोच असावा. स्पर्धेच्या ताणाखाली श्वास जलद होतो, मूठ आवळली जाते आणि शिखरावर घाई होते. अशा वेळी ‘घाई करू नकोस’ असे मनास बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. अंगवळणी पडलेला क्रम मात्र मनास धरून ठेवतो.

सरावापूर्वी अंग मोकळे करून घेणेही अगत्याचे आहे. गोल्फ खेळणाऱ्यांस होणाऱ्या दुखापतींमध्ये पाठीच्या खालच्या भागाच्या दुखापती वारंवार आढळतात. थंड, ताठर शरीराने एकदम पूर्ण जोराचा फटका मारण्याचा मोह टाळावा.

एका फटक्याचे मोल

सातत्याचे महत्त्व ज्यास पटवून घ्यावयाचे असेल, त्याने टोकियो ऑलिंपिकमधील महिलांच्या गोल्फ स्पर्धेचे गुणफलक पाहावेत. ही स्पर्धा ऑगस्ट २०२१ मध्ये झाली. बंगळूरच्या अदिती अशोक हिने चार फेऱ्यांत अनुक्रमे ६७, ६६, ६८ व ६८ असे एकूण २६९ फटके घेतले. लांब फटके मारण्यात अनेक प्रतिस्पर्धी तिच्या पुढे होत्या. असे असूनही तिच्या सर्वोत्तम आणि सर्वांत महाग फेरीत अवघ्या दोन फटक्यांचे अंतर राहिले. सुवर्णपदक मिळविणाऱ्या नेली कोर्डा हिचे २६७ फटके झाले. रौप्य व कांस्य पदकांसाठी बरोबरीत आलेल्या दोघींचे २६८. चार दिवसांत एक फटका कमी झाला असता तर अदिती त्यांच्या पंक्तीस जाऊन बसली असती. ती चौथी आली. पदक हुकले, परंतु नुसत्या ताकदीच्या भरवशावर न खेळताही जगातील अग्रणी खेळाडूंच्या इतके निकट जाता येते, हे त्या चार आकड्यांनी सिद्ध केले.

व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत एका फटक्याचा अर्थ याहून रोकडा असतो. बहुतेक व्यावसायिक स्पर्धांमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना वगळण्यात येते. त्यांस पारितोषिकाच्या रकमेत सामान्यतः वाटा नसतो. एका फटक्याने वगळला गेलेला खेळाडू प्रवासाचा आणि निवासाचा खर्च पदरमोड करून घरी परततो.

ज्यांच्यामागे घरची संपत्ती नाही, त्यांस ही गोष्ट अधिक जाणवते. भारतीय गोल्फमध्ये अशा खेळाडूंची परंपरा मोठी आहे. दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहणारे अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखण्याचे काम करीत. चौरसिया तेथेच खेळ पाहत पाहत बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. २००८ मध्ये त्यांनी इंडियन मास्टर्स आणि पुढे २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन स्पर्धा जिंकली.

गोल्फचे साहित्य महाग आहे, मैदाने थोडी आहेत आणि ती सर्वांस खुली नाहीत, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. या अडचणी केवळ सरावाने दूर होणार नाहीत. परंतु ज्यास मैदानावर पाऊल ठेवण्याची संधी मिळाली आहे, मग ती खेळाडू म्हणून असो, पिशवी वाहणारा म्हणून असो वा गवत कापणारा म्हणून असो, त्यास पाहून, मोजून आणि पुन्हा पुन्हा करून या कलेचे मर्म हस्तगत करता येते. क्रीडाशिक्षकांनीही मुलांना ‘जोरात मार’ असे सांगण्यापूर्वी चार मात्रा मोजावयास शिकविल्या, तर मुलांचे श्रम वाचतील, दुखापती टळतील आणि चेंडू अधिक वेळा लक्ष्याच्या दिशेने जाऊ लागेल.